बुधवारी रात्री आठची वेळ: केसकर, रेडिओ सिलोन आणि हातातून गेलेले श्रोते

प्रकरण जुनं आहे, १९५२ ते ५७ मधलं, आणि बऱ्याच जणांना ते एकाच वाक्यात माहीत असतं, की तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री केसकर यांनी सरकारी रेडिओवर सिनेमाची गाणी बंद केली आणि लोक रेडिओ सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्राला गेले. वाक्य तसं चूक नाही, पण सगळी गंमत त्यातून गळून जाते. सरसकट बंदीचा हुकूम निघाला आणि दुसऱ्या दिवशी गाणी थांबली असं झालंच नव्हतं. आधी टक्केवारी आली, मग अनाउन्समेंटमधून एक शब्द कापला गेला, मग निर्माते रुसले, आणि मग गाणी गेली. माझ्या मते या सगळ्या साखळीत तो कापलेला शब्दच सगळ्यात महाग पडला. शास्त्रीय संगीतावर उगाच बिल फाडलं जातं.

आधी त्या काळातली रेडिओची संध्याकाळ कशी असायची ते बघू, कारण ते डोळ्यासमोर नसेल तर पुढचं काही कळत नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ऑल इंडिया रेडिओची केंद्रं होती सहा: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. अख्ख्या देशात सेट पावणेतीन लाखांच्या आसपास. सेट म्हणजे व्हॉल्व्हवाला, चालू केला की लगेच बोलायचा नाही, आत व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग आधी घरघर आणि मग आवाज. काही सेटना पुढे हिरवा डोळा असायचा, स्टेशन नीट लागलं की तो मिटत यायचा. सेटला लायसन लागायचं, ते पोस्टातून काढायचं आणि दरवर्षी रिन्यू करायचं. म्हणजे घरात एकच सेट, बऱ्याचदा अख्ख्या वाड्यात एकच, आणि संध्याकाळी त्याच्यापुढे आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे एकत्र. काय ऐकायचं ते एकट्याने ठरवायची सोयच नाही.

आता रेडिओवाल्यांच्या बाजूने बघा. त्यांच्या भाषेत दिवसाचं प्रसारण सभांमध्ये वाटलेलं, पहिली, दुसरी, तिसरी, आणि संध्याकाळची सभा सगळ्यात मानाची. बातम्या कुठे, भाषण कुठे, नभोनाट्य किती मिनिटांचं, सगळं आधी चार्टवर बसवलेलं. क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळापत्रकाच्या कागदावर, मिनिटं मांडलेली असतात, त्यात गायकाचा तानपुरा लागेपर्यंतचा वेळ मावत नाही म्हणून तो आधीच लावून बसावं लागतं. भाषण दोन मिनिटं आधी संपलं तर भोक पडतं, ते बुजवायला काहीतरी हाताशी ठेवावं लागतं आणि अशा वेळी सगळ्यात सोयीची असते तीन-सव्वातीन मिनिटांची रेकॉर्ड. ७८ आरपीएमच्या तव्याची एक बाजू तेवढीच चालायची. सिनेमाची गाणी रेडिओत एवढी घुसली याचं एक कारण ही मापाची सोय पण आहे, ते कुणी सहसा बोलत नाही. ख्यालाला तीन मिनिटांत काय मांडणार, फार तर बंदिशीची ओळख करून देणार.

तर १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. मराठी माणूस, पॅरिसला शिकून आलेला, स्वतःला शास्त्रीय संगीताची जाण. दहा वर्षं एकाच माणसाकडे ते खातं राहणं ही साधी गोष्ट नाही, म्हणून मग रेडिओवर त्यांचा ठसा जेवढा उमटला तेवढा दुसऱ्या कुठल्या मंत्र्याचा नाही. त्यांचं म्हणणं असं की संस्थानं विलीन झाली, राजेरजवाड्यांचा आश्रय गेला, आता गवयांना आणि वादकांना सरकारने सांभाळायचं आणि ते सांभाळायची जागा म्हणजे रेडिओ. हे म्हणणं मला अजूनही पटतं. १९५२ च्या जुलैपासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शनिवारी रात्री, एकच कलाकार आणि सगळ्या केंद्रांवरून एकदम. ज्या गावात कधी मोठा गवई येण्याची शक्यताच नव्हती तिथे तो घरात येऊन गाऊ लागला, फक्त सेट पाहिजे. त्याच वर्षी पंडित रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन. कलाकारांची ऑडिशन घेऊन ग्रेड द्यायची पद्धत आली, त्यात गाणारा पडद्याआड आणि परीक्षक फक्त आवाज ऐकणार, म्हणजे घराणं, ओळख, नाव काही मधे येऊ नये. श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा जाणकार माणूस त्या कामात होता तरी मुंबईच्या कलाकारांनी बराच आरडाओरडा केला, कारण वर्षानुवर्षं मैफली गाजवलेल्या माणसाला आता परीक्षेला बस म्हणणं म्हणजे जरा अतीच.

केसकरांच्या विचाराची दुसरी बाजू पण सांगायला हवी. उत्तरेतलं संगीत मुसलमान गवयांच्या हाती गेल्यामुळे घसरलं असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलंय. ज्या उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्पिढ्या जपली त्यांच्याबद्दल असं म्हणणं म्हणजे कमालच. सिनेमाच्या गाण्याबद्दलची चीड याच डोक्यातून आलेली, शुद्ध काय आणि भेसळ काय हे वरून ठरवायचं.

आता मुख्य भाग. सिनेमाच्या गाण्यांना एकूण वेळेच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. गाणी आधी तपासून मगच लावायची. एवढं झालं तरी कदाचित निभावलं असतं. पण तिसरी गोष्ट अशी केली की गाण्याच्या अनाउन्समेंटमध्ये सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, फक्त गायकाचं घ्यायचं. का, तर सिनेमाचं नाव घेणं म्हणजे सरकारी रेडिओवरून फुकट जाहिरात.

वरवर बघितलं तर यात तर्क आहे. पण व्यवहार कसा होता ते बघा. गाण्याचे हक्क निर्मात्यांकडे, आणि ती गाणी वाजवायची परवानगी रेडिओला त्यांच्याकडूनच मिळायची. निर्मात्याला त्यात रस का, तर नवीन पिक्चर लागायच्या आधी त्याचं गाणं घराघरात पोचतं, मागोमाग पिक्चरचं नाव येतं आणि लोक थेटरात जातात. त्याच्या दृष्टीने ते नाव हाच मोबदला. ते काढून घेतल्यावर निर्मात्याच्या हातात राहिलं काय? आपला माल द्यायचा, वर तो चांगला आहे की नाही हे सरकारने तपासायचं, आणि लावला तर नाव पण नाही घ्यायचं. निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली आणि काही महिन्यांतच सिनेमाची गाणी ऑल इंडिया रेडिओवरून जवळजवळ गायब झाली. दहा टक्क्यांचं शून्य टक्के झालं ते या पायरीवर. मंत्र्याला बहुतेक त्याचं फार वाईट वाटलं नसावं, पण ठरवलेलं होतं दहा टक्के आणि झालं शून्य, म्हणजे गाडी हातातून सुटलीच ना.

आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने पण बघा की. अनाउन्सर सांगतो, ऐकू या लता मंगेशकर, आणि गाणं सुरू. कुठल्या पिक्चरचं? सांगणार नाही. आवडलेल्या गाण्याचं नाव-गाव विचारावं तर समोरचा गप्प, असला अनुभव. रेडिओ आपल्याला काहीतरी लपवतोय, आपल्याला शिस्त लावतोय ही भावना अशा बारीक गोष्टीतून येते, शास्त्रीय गाणं जास्त लावल्याने नाही येत.

मग ती जागा भरली कोणी? दुसऱ्या महायुद्धात दक्षिण-पूर्व आशियातल्या दोस्त सैन्यासाठी कोलंबोत रेडिओ सीॲक नावाचं केंद्र होतं. युद्ध संपल्यावर ती यंत्रणा, १०० किलोवॉटच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरसकट, सिलोन सरकारकडे आली. सैनिकांच्या करमणुकीसाठीचं एवढं दांडगं यंत्र आता करायचं काय, तर जाहिराती घेऊन कमर्शियल सर्व्हिस चालवायची. क्लिफर्ड डॉड नावाचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ ती बघत. भारतातल्या कंपन्यांना रेडिओवर जाहिरात करायची होती, ऑल इंडिया रेडिओ जाहिराती घेत नव्हता, आणि सिनेमाच्या गाण्यांना देशात जागा उरली नव्हती. या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी जुळून आल्या.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. सिबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टच्या पैशावर एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम सिलोनवरून सुरू झाला, बिनाका गीतमाला, निवेदक अमीन सयानी. तेव्हा विशीतला पोरगा, आठवड्याला २५ रुपये मिळायचे असं ते स्वतःच पुढे सांगायचे. पहिल्या स्वरूपात सात गाणी, क्रम न लावता वाजवायची, आणि श्रोत्यांनी आपल्या मते क्रम लावून पाठवायचा, बरोबर आला तर शंभर रुपयांचं बक्षीस. पन्नासेक पत्रं येतील असं वाटलेलं, आली नऊ हजार! पुढे आठवड्याला साठ-पासष्ट हजारांवर गेली. ती उघडून वाचायची कोणी, म्हणून मग हळूहळू रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांच्या फर्माइशी यावरून गाण्यांचे नंबर लागू लागले आणि कार्यक्रम तासाभराचा झाला. झुमरी तलैया हे गाव देशाला माहीत झालं ते फर्माइशींच्या पत्रांमुळेच.

यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग असा की कार्यक्रम तयार मुंबईतच व्हायचा. बोलणारा मुंबईचा, गाणी मुंबईची, रेकॉर्डिंग मुंबईत, आणि मग टेप विमानाने कोलंबोला जायची, तिथून हवेत सोडायची आणि ती परत मुंबईत ऐकायची. सरकारने दाराबाहेर काढलेली गाणी समुद्रावरून फिरून येऊन त्याच घरात वाजत होती आणि ती पण रात्री आठ वाजता, म्हणजे नेमकं सगळं घर सेटपुढे असायच्या टायमाला.

इथे तांत्रिक बाजू थोडी बघायला हवी, कारण नुसत्या आवडीनिवडीवर हे घडलं नाही. मिडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीच्या लगतच जाते, केंद्रापासून लांब गेलं की आवाज विरतो. शॉर्टवेव्ह वर आयनोस्फियरला, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थराला, आपटून खाली येते आणि हजार-दीड हजार किलोमीटर सहज गाठते. सूर्य मावळला की आयनोस्फियरची ठेवण बदलते आणि योग्य मीटर बँड निवडला तर संध्याकाळी-रात्री लांबचं केंद्र छान लागतं. मधूनच आवाज फुगतो-ओसरतो, शिट्टी वाजते, पण लागतं. केंद्रं इतकी कमी असताना लांबच्या गावातल्या माणसाला दिल्ली ऐकायची तरी शॉर्टवेव्हच फिरवावी लागायची. म्हणजे त्याच्या हाताला शॉर्टवेव्हची सवय सरकारी रेडिओनेच लावलेली, आणि एकदा त्या पट्टीवर काटा फिरायला लागला की दिल्ली आणि कोलंबो यांच्यात अंतर एक-दोन बोटांचं. सरहद्द, खातं, धोरण, हे त्या काचेवर कुठे दिसतच नाही.

त्या काळचा एक किस्सा अजून सांगितला जातो की पाहणी केली तेव्हा दहातल्या नऊ घरांत सिलोन लागलेलं होतं आणि दहाव्या घरातला सेट बिघडलेला होता. आकडा म्हणून तो कोणी धरू नये, पण किस्सा पसरला याचा अर्थ लोकांना तो खरा वाटत होता.

जरा विषय सोडून, पण हार्मोनियमचं प्रकरण इथेच सांगायला हवं. पेटीवर रेडिओने १ मार्च १९४० पासूनच बंदी घातलेली, तेव्हा साहेबाचं राज्य होतं, म्हणजे हे पाप केसकरांचं नव्हे. कारण असं दिलं जायचं की पेटीचे स्वर ठरलेल्या पट्ट्यांचे, दोन स्वरांच्या मधली मींड, श्रुती त्यात निघत नाही. शास्त्र म्हणून मुद्दा बरोबर आहे. पण ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीशिवाय उभंच राहत नाही, कीर्तनात पेटी, भजनात पेटी, तिथल्या केंद्रावर पेटी नाही! ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. सांगायचा मुद्दा, काय शुद्ध ते वरून ठरवायची खोड या संस्थेला आधीपासून होती, केसकरांनी ती फक्त जोरात चालवली.

आता या प्रकरणातला जो भाग नेहमी वगळला जातो तो. सिनेमाची गाणी गेल्यावर रिकामी जागा नुसत्या ख्यालाने भरणार नाही हे मंत्रालयालाही कळलं होतं. म्हणून मग केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले, कवी आणायचे, संगीतकार आणायचे, गाणी स्वतः तयार करायची. मराठीत भावगीत आधीपासून होतंच, त्याला आता पगारी घर मिळालं. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. आणि तिथेच १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण सुरू झालं. सीताकांत लाड केंद्रावर होते, गदिमांनी, म्हणजे ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, दर आठवड्याला एक नवीन गाणं, आणि असं वर्षभराहून थोडं जास्त, एकूण ५६ गाणी. वेळ सकाळची होती हे खरं, संध्याकाळची नव्हे, पण आपल्या प्रकरणाला त्याने फरक पडत नाही.

कारण माणसं कोण होती ते बघा. माडगूळकर सिनेमाचे, फडके सिनेमाचे, गाणाऱ्यांत लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे. ज्या सिनेमाला पुढच्या दारातून हाकललं त्याचेच कसबी लोक रेडिओने बोलावून आणले, त्यांना विषय दिला, वेळ दिला, आणि मुख्य म्हणजे नाव दिलं, गीतकार कोण, संगीतकार कोण, गायक कोण, सगळं मायक्रोफोनवरून सांगितलं. आठवड्याला एक गाणं पूर्ण करून चाल लावून रेकॉर्ड करायचं म्हणजे काय ताण असेल विचार करा, गाणं हातात यायला उशीर व्हायचा, वादक बसून राहायचे, असे किस्से त्या मंडळींनी पुढे सांगितलेत. आणि श्रोत्यांनी काय केलं? रेडिओपुढे हात जोडून बसले, काही घरांत सेटला हार घातले म्हणतात. याच श्रोत्याला सुमार अभिरुचीचा समजून त्याच्यापासून गाणी काढून घेतली होती. बुधवारी हाच माणूस सिलोन लावायचा आणि गीतरामायणाच्या वेळेला पुणे. त्याला दोन्ही हवं होतं, आणि दोन्हीसाठी काटा फिरवायला तो तयार होता.

बरं, हे प्रत्येक केंद्राला जमलं का? नाही. अनेक ठिकाणी सुगम संगीत म्हणजे चार बेताच्या कविता आणि त्यांना बेताच्या चाली एवढंच निघालं, कारण खात्याने फॉर्म तर दिला पण फडके प्रत्येक गावात नसतात. सिनेमाच्या गाण्यामागे मोठा ऑर्केस्ट्रा, निर्मात्याचा पैसा, आणि पिक्चर पडला तर बुडणारं घर, एवढं सगळं लागलेलं असायचं. सरकारी गाणं पडलं तरी पगार चालूच. हा फरक कुठल्याही सर्क्युलरने भरून निघत नाही.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मा तिचे प्रमुख. सिनेमाची गाणी परत आली, सोबत हलकीफुलकी नाटकं, फौजी भाईंची फर्माईश. आणि ती सोडली कशावरून, तर मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून, म्हणजे सिलोनच्याच पट्टीवर, सिलोनच्याच शेजारी. पाच वर्षांनी का होईना, भांडण कुठे चाललंय ते बरोबर ओळखलं. केसकर तेव्हाही मंत्री होते, हे लक्षात ठेवा, म्हणजे माणूस अगदीच हट्टी होता असंही म्हणता येत नाही. दरवाजा त्यांनीच लावला आणि खिडकीही त्यांच्याच सहीने उघडली. मात्र मूळ केंद्रांची संध्याकाळ होती तशीच राहिली, बातम्या, भाषण, राग, आणि सिनेमाचं गाणं वेगळ्या खोलीत. ही वाटणी मला आवडत नाही, कारण एकाच संध्याकाळी एकाच बैठकीत ख्याल, नभोनाट्य आणि पिक्चरचं गाणं ऐकणारा जो मिश्र श्रोता होता तो इथे कायमचा दोन चॅनेलमध्ये वाटला गेला. शनिवारच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला नवीन कान मिळायचे ते चुकून मिळायचे, आधीचं गाणं ऐकता ऐकता सेट तसाच चालू राहिला म्हणून. ते चुकून ऐकणं बंद झालं.

जाहिरातीचा प्रश्न मात्र आणखी दहा वर्षं तसाच लोंबकळला. १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली, म्हणजे पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला. तोपर्यंत टूथपेस्ट आणि साबण विकणाऱ्यांचा पैसा कोलंबोच्या तिजोरीत जमा होत राहिला. आणि गीतमाला? ती १९८८ पर्यंत सिलोनवरच होती, नंतर विविध भारतीवर आली, पण तोवर घराघरात टीव्ही आला होता आणि रात्री आठ वाजता सेटपुढे बसणारं घर आता दुसऱ्याच सेटपुढे बसलेलं होतं.